ताटाचा निर्णय बंदरावर

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी आपल्या मासिक आकाशवाणी भाषणात देशातील वाढत्या लठ्ठपणाविषयी चिंता व्यक्त केली आणि प्रत्येक कुटुंबाने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले. त्यानंतर शंभर दिवसही उलटले नव्हते, तोच ३० मे २०२५ रोजी त्यांच्याच सरकारच्या अर्थखात्याने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातकर वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणला. उपकर व अधिभार धरून जो कर साडेसत्तावीस टक्के पडत होता, तो साडेसोळा टक्क्यांवर उतरला. म्हणजे एकीकडे जनतेने तेल कमी खावे असा उपदेश आणि दुसरीकडे परदेशी तेल अधिक स्वस्तात देशात यावे अशी व्यवस्था. या दोन गोष्टींतील विसंगतीची चर्चा राजधानीत फारशी झाली नाही. परंतु वाशीम जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याने त्याच सुमारास सोयाबीनच्या पेरणीसाठी बियाणे-खताची जुळवाजुळव चालविली होती, त्याच्या दृष्टीने या विसंगतीचा अर्थ अगदी रोकडा होता.

लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब हे विकार माणसाच्या जिभेच्या हावरेपणातून निर्माण होतात, अशी एक सोयीस्कर समजूत सुशिक्षित समाजात रुजलेली आहे. माणसाने संयम पाळावा, पहाटे उठून चालावे, तळलेले वर्ज्य करावे, म्हणजे प्रश्न मिटला! वैयक्तिक संयमाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. तथापि, कोणत्या गावात कोणते तेल स्वस्त मिळावे, कोणते धान्य पिकावे आणि कोणते पिकेनासे व्हावे, पाच रुपयांच्या पुडीत काय भरलेले असावे, हे गावातला माणूस ठरवीत नाही. ते आयातकराच्या अधिसूचनेत, व्यापारकराराच्या परिशिष्टात आणि बंदरावरच्या साठवण टाक्यांत ठरते. ताटाचा निर्णय असा बंदरावर होत असेल, तर ताटाविषयीचा उपदेशही प्रथम बंदरावर जाऊन करावयास हवा. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

वाशीम हा तसा लहान जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा, प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर जगणारा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे साहाय्य जाहीर झाले, त्यांत हा होता. २०१८ साली नीती आयोगाने विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी करून त्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले, त्यांतही हा आहे. या जिल्ह्यात खरिपाचे क्षेत्र सुमारे चार लाख हेक्टर. त्यातील तीन लाख हेक्टरांच्या आसपास एकटे सोयाबीन असते. उरलेल्या जमिनीत तूर आणि थोडाफार कापूस. एका काळी या भागाचे मुख्य अन्न असलेली खरीप ज्वारी आता शोधावी लागते.

सोयाबीन हे तेलबियांचे पीक आहे. तेव्हा ज्या जिल्ह्यात नजर जाईल तिथवर तेलबियाच उभ्या आहेत, त्या जिल्ह्याच्या खेड्यांतील दुकानांत कोणते तेल विकले जाते? गरीब घराच्या फोडणीत, हॉटेलातल्या भज्यांच्या कढईत, फरसाणात, बिस्किटात आणि शाळकरी मुलांच्या हातातील चमकदार पुड्यांत बहुतांशी असते ते इंडोनेशिया व मलेशियातून आलेले पामतेल, कधी स्वतःच्या नावाने, कधी ‘वनस्पती तेल’ या सर्वसमावेशक नावाखाली. पिकविणाऱ्याने आपले तेलबी हमीभावाहून कमी किमतीत विकावे आणि त्याच पैशातून समुद्रापलीकडचे तेल घरी न्यावे, असे हे अजब चक्र आहे. भारताची खाद्यतेलाची आयात गेल्या काही वर्षांत दीडशे ते एकशे साठ लाख टनांच्या घरात राहिली असून देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे.

व्यापाराच्या धोरणाने या भागाचे शेत आणि ताट बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांची कापसाची भूक वऱ्हाडाकडे वळली. पुढे कापूस नेण्यासाठी रेल्वेचे फाटे आले, बाजारपेठा उभ्या राहिल्या, आणि पेवात धान्य साठविणारा प्रदेश बाजारभावावर धान्य विकत घेणारा प्रदेश होऊ लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात याच संपन्न म्हणविल्या जाणाऱ्या काळ्या जमिनीवर माणसे अन्नावाचून मेली. त्या काळी वाशीम हा वऱ्हाडचा एक स्वतंत्र जिल्हा होता. कापूस परदेशी गेला, दुष्काळ मात्र इथे राहिला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलावे अशी अपेक्षा होती. काही अंशी ते बदललेही. परंतु ‘पी.एल. ४८०’ कायद्याखाली अमेरिकन गहू बोटींतून उतरू लागला तेव्हा त्याबरोबर गव्हाची सवयही उतरली. १९७२ च्या दुष्काळात मिलो खाल्लेली पिढी अद्याप गावोगाव आहे. परदेशी धान्याची चव तिला सांगावी लागत नाही. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाद्यतेलाची आयात सरकारच्या व्यापार महामंडळामार्फत होई आणि त्यातील पामोलिन रेशनच्या दुकानांतून वाटले जाई. त्या व्यवस्थेत दोष होते, भ्रष्टाचारही होता. तरी किती तेल आणावयाचे आणि ते कोणाला द्यावयाचे, याचे उत्तर लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला विचारता येत होते.

१९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. बियाणे, संशोधन, हमीभाव, खरेदी आणि आयातीवरील नियंत्रण या सर्वांची सांगड घातल्यामुळे १९९०-९५ च्या दरम्यान देश खाद्यतेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. हे कोणा परकीय तज्ज्ञाने नव्हे, इथल्या शेतकऱ्याने करून दाखविले. आणि नेमक्या त्याच टप्प्यावर, १९९४ साली, पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली करण्यात आली. पहिला कर ६५ टक्के होता. तो ३० वर, मग २० वर आणि १९९८ साली १५ टक्क्यांवर आला. पुढे कर वरखाली होत राहिला: २००८ साली कच्च्या तेलांवर शून्य, २०१८ साली कच्च्या पामतेलावर ४४ टक्के, २०२१ च्या ऑक्टोबरात मूळ कर पुन्हा शून्य, सप्टेंबर २०२४ मध्ये उपकरांसह साडेसत्तावीस, मे २०२५ मध्ये साडेसोळा. जो शेतकरी जूनमध्ये पेरतो आणि ऑक्टोबरात विकतो, त्याच्या पिकाचा भाव असा दिल्लीतील एका अधिसूचनेवर टांगलेला आहे.

यात एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ‘जागतिक व्यापार संघटनेमुळे आमचे हात बांधलेले आहेत’ ही सबब येथे लागू पडत नाही. सोया तेलावर भारताने ४५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली आहे हे खरे; पण पामतेलावर ती मर्यादा ३०० टक्के आहे. आसियान देशांशी २००९ साली केलेल्या कराराने आपण होऊन ही मोकळीक घटविली आणि २०२० पासून कच्च्या पामतेलासाठी ती ३७.५ टक्क्यांवर आणली. तरीही साडेसोळा आणि साडेसदतीस यांत बरेच अंतर आहे. कर खाली आणण्याचा निर्णय जिनिव्हात झालेला नाही; तो येथे झालेला आहे आणि म्हणून त्याचा जाबही येथेच विचारता येतो.

या धोरणाची फळे वाशीमच्या बाजार समित्यांनी पाहिली आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव काही ठिकाणी दहा हजारांपर्यंत चढला, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने बारा लाख टन जनुकपरिवर्तित सोयापेंडीच्या आयातीस अनुमती दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळला होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार ते सव्वाचार हजारांनी माल गेला. सरकारी खरेदी झाली, महाराष्ट्रात ती सुमारे अकरा लाख टनांपर्यंत पोचली. परंतु एकूण उत्पादनाच्या मानाने हा लहान हिस्सा होता. बारा टक्के ओलाव्याची अट, पुढे ती पंधरावर नेण्यातला विलंब, बारदान्याचा तुटवडा, नोंदणीच्या रांगा, या सर्वांतून ज्याला उधारी फेडावयाची घाई असते तो लहान शेतकरी अडत्याच्या काट्यावरच गेला.

परंतु आजचा आमचा प्रश्न केवळ भावाचा नाही. भावाबरोबर ताट कसे बदलले, हे पाहावयाचे आहे.

ज्वारी गेली ती एकटी गेली नाही. ज्वारीबरोबर तिच्यात आंतरपीक म्हणून येणारे मूग, उडीद, तीळ आणि अंबाडी आक्रसली. कडबा गेला, म्हणून गुरे कमी झाली आणि घरचे दूध-ताक आटले. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा भरून काढू शकत नाही. रब्बीतील करडई व जवस मागे पडले, त्यांच्याबरोबर गावची तेलघाणी थांबली आणि तेल काढणारे घर मजुरीला लागले. शेतकऱ्याने हे सारे अविचाराने केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हाती येते, त्यामागून हरभरा घेता येतो, पाखरे व रानडुकरांचा उपद्रव ज्वारीइतका नसतो, आणि मुख्य म्हणजे दिवाळीला रोख पैसा मिळतो. ज्वारीला ना खरेदी होती, ना रेशनमध्ये स्थान. सरकारने गहू-तांदळाला जे संरक्षण दिले त्याचा थोडा अंशही भरड धान्यांना दिला असता, तर हे गणित वेगळे झाले असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य देण्याची तरतूद आहे. व्यवहारात शिधापत्रिकेवर येतात ते गहू आणि तांदूळ. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, म्हणजे वाशीममधीलही, केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून जे सवलतीचे धान्य मिळत होते, ते २०२३ साली बंद करून माणशी दरमहा १५० रुपये, पुढे १७० रुपये, देण्याचे ठरले. धान्याऐवजी रोकड हातावर ठेवली की ती रोकड सर्वांत स्वस्त उष्मांकाकडे जाते. आणि आज सर्वांत स्वस्त उष्मांक आयात तेलात, मैद्यात आणि साखरेत आहेत.

याचा परिणाम दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील २३.४ टक्के स्त्रिया व २४.७ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ आहेत. त्याच पाहणीत याच वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली असल्याचे आढळले. रक्तक्षयाचे प्रमाण तर आधीच्या पाहणीतील ४८ टक्क्यांवरून वाढले. ही दोन वेगळी महाराष्ट्रे आहेत असे समजू नये. एकाच घरात आईचे वजन वाढते, तिच्या रक्तात लोह नसते आणि मूल खुजे राहते. पोट भरते पण पोषण होत नाही, अशा आहाराचा हा परिपाक आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज वर्तविला. एके काळी ‘श्रीमंतांचा रोग’ म्हणून ओळखला जाणारा मधुमेह आता वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या फडात पोचला आहे. श्रीमंतीची लक्षणे गरिबांपर्यंत पोचली. श्रीमंती मात्र पोचली नाही.

हा मार्ग कोठे जातो, हे जगाने पाहिले आहे. प्रशांत महासागरातील नाऊरू, टोंगा, सामोआ या चिमुकल्या बेटांवर आज निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत. जगात सर्वाधिक प्रमाण तेथील आहे. मासे, कंदमुळे आणि नारळ यांवर जगणाऱ्या या बेटांना जागतिक व्यापाराने डबाबंद मांस, मैदा, साखर आणि श्रीमंत देशांत कोणी खात नाही असे चरबीयुक्त तुकडे दिले. फिजीने २००० साली न्यूझीलंडहून येणाऱ्या मेंढीच्या चरबीयुक्त पोटमांसाच्या विक्रीस बंदी केली. सामोआने २००७ साली अमेरिकेतून येणाऱ्या टर्कीच्या शेपट्यांची आयात थांबविली; २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळविताना तिला ही बंदी उठविण्याचे मान्य करावे लागले. आपल्या प्रजेच्या आरोग्यासाठी केलेला कायदा व्यापारातील अडथळा ठरला! बंदीच्या जागी जबर आयातकर बसविण्याची मुभा काय ती तिला उरली.

अशाच आणखी एका बेटाशी मराठी माणसाचे नाते आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही राहतात, मराठी सण साजरे करतात. ज्या वसाहतीची सारी सुपीक जमीन साखरेसाठी राखून ठेवली गेली, तिला आपले बहुतांश अन्न बोटींतून आणावे लागते. १९८७ साली तेथे झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी आठांमागे सुमारे एकास मधुमेह असल्याचे आढळले, आणि हे प्रमाण भारतीय, चिनी, क्रिओल अशा सर्व वंशांत थोडेबहुत सारखेच होते. म्हणजे दोष रक्तात नव्हता, ताटात होता.

मॉरिशस सरकारने त्यावर उपदेशापलीकडची एक कृती केली. सामान्य जनता जे स्वस्त ‘रेशन तेल’ वापरीत असे, ते मुख्यतः पामतेल होते. सरकारने ते बदलून संपूर्णतः सोयाबीन तेल केले. पामतेलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, तर सोयाबीन तेलात सुमारे सातव्या हिश्श्याइतके असते. १९९२ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे चौदा-पंधरा टक्क्यांनी उतरलेली होती. सगळे श्रेय तेलबदलाला द्यावे, असे अभ्यासकांनीही म्हटलेले नाही. आणि अतिवजनाचे प्रमाण त्या पाच वर्षांत उलट वाढले, हेही सांगितले पाहिजे. एक तेल बदलून सर्व व्याधी पळत नाहीत. तरीसुद्धा, लक्षावधी लोकांच्या स्वयंपाकघरातील तेल सरकार एका निर्णयाने बदलू शकते आणि त्याचा परिणाम रक्तात दिसू शकतो, एवढे त्या बेटाने सिद्ध केले.

तो निर्णय घेण्यासाठी मॉरिशसला सोयाबीन तेल परदेशातून आणावे लागते. वाशीमला ते शेताच्या बांधावरून मिळते! आणि आम्ही काय केले? २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ या नावाने दीड कोटीहून अधिक कुटुंबांना शंभर रुपयांत चार वस्तू दिल्या: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. देशात सोयाबीन पिकविण्यात अग्रेसर असलेल्या राज्याने, ऐन सोयाबीनच्या हंगामात, आपल्या शेतकऱ्यांच्या घरी इंडोनेशिया-मलेशियाचे तेल सणाची भेट म्हणून पाठविले. २०२४ च्या गौरी-गणपतीच्या शिध्यात त्या जागी सोयाबीन तेल आले. बदल करता येतो, हे यावरून दिसते. तो धोरण म्हणून केला जात नाही, एवढेच.

आता या युक्तिवादावरील सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळले पाहिजे. तो आपल्याच चळवळीतून येतो. आयातकर वाढविला तर तेल महागेल आणि त्याची झळ मजुराला, झोपडपट्टीतील स्त्रीला बसेल. सत्तरीच्या दशकारंभी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या महागाईविरुद्ध. त्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्यांनी तेल महाग करा, असे म्हणावे काय?

आमचे उत्तर असे की, शेतकरी आणि ग्राहक यांना परस्परांच्या विरोधात उभे करणे हीच या धोरणाची खरी करामत आहे. करकपातीचा लाभ ग्राहकाला पूर्णपणे पोचतो, असा अनुभव नाही. त्यातील वाटा आयातदार, शुद्धीकरण कारखानदार आणि निर्यातदार देशातील मळेवाले वाटून घेतात. शिवाय आयातीवर विसंबणे म्हणजे स्वस्ताईची हमी नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात एकाएकी बंद केली, युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल अडले, आणि भारतातील स्वयंपाकघरांत हाहाकार झाला. जी स्वस्ताई दुसऱ्या देशाच्या मर्जीवर अवलंबून असते, ती उसनी असते. गरिबाला स्वस्त अन्न हवेच. पण ते शेतकऱ्याचा भाव पाडून नव्हे, तर सरकारने हमीभावाने घेऊन, सार्वजनिक वितरणातून कमी दराने देऊन. त्या लाटणे मोर्चांनी रेशनची मागणी केली होती, खुल्या आयातीची नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, सोयाबीन हे तरी कोठे आपले अन्न आहे? हा आक्षेप बराच खरा आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकी पेंड, जी येथील व परदेशच्या कोंबड्यांचे खाद्य होते. चाळीस टक्के प्रथिने असलेले पीक लाखो टनांनी पिकविणारा जिल्हा मुलांच्या कुपोषणाशी झगडतो, ही विटंबना केवळ सोया तेलाने संपणार नाही. म्हणून केवळ सोयाबीनच्या भावाची लढाई अपुरी आहे. जमिनीवर ज्वारी, तूर, मूग, करडई, जवस परत यावयाचे असतील तर त्यांनाही खरेदी आणि वितरणाचा आधार द्यावा लागेल. तुरीची गोष्ट तीच आहे: २०२१ पासून तुरीची आयात खुली करण्यात आली, मुदतवाढ होत होत ती सवलत मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणाही करमुक्त आला. शेतकऱ्यांच्या आक्रोशानंतर नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर तीस टक्के कर बसला. एकीकडे डाळींच्या स्वयंपूर्णतेच्या घोषणा आणि दुसरीकडे ही धरसोड.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. खाद्यतेल व डाळी यांवरील आयातकर हमीभावाशी जोडलेला असावा. बाजारभाव हमीभावाखाली गेल्यास कर आपोआप वाढावा आणि पेरणी ते विक्री या काळात तो घटविण्यास मनाई असावी. २०२४ साली १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान जाहीर झाले. त्याचा पैसा तालुक्या-तालुक्यातील सहकारी तेलघाण्यांपर्यंत पोचावा. रेशनवर ज्वारी आणि स्थानिक तेल द्यावे. अंगणवाडी व शालेय आहारापासून त्याचा प्रारंभ करावा. पुडीवर ‘वनस्पती तेल’ अशा आडपडद्याऐवजी कोणते तेल व किती, हे ठळक मराठीत छापावे. आणि नवे व्यापारकरार करताना त्यांचा शेतीवर व आरोग्यावर काय परिणाम होईल, याची चर्चा संसदेत आधी व्हावी, सह्या झाल्यानंतर नव्हे.

वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांवर विशेष जबाबदारी आहे. बाजार समितीच्या आवारात भावासाठी होणारे आंदोलन आणि आरोग्य केंद्रात साखर तपासण्यासाठी लागलेली रांग ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे लोकांसमोर मांडणे त्यांचे काम आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती साधी पाहणी करावी: तीस वर्षांपूर्वी शिवारात कोणती पिके होती आणि आज कोणती आहेत; दुकानात कोणते तेल किती विकले जाते आणि ते कोठून येते; आरोग्य उपकेंद्रात मधुमेहाच्या गोळ्या नेणारे किती आहेत आणि ते कोणत्या कामावर जातात. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी, तिच्यावर ठराव करून घ्यावेत आणि ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिल्लीला पाठवावेत. आयातकर हा अर्थशास्त्रज्ञांचा विषय आहे, सामान्यांना त्यात काय कळणार, हा समज मोडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

जनतेने दहा टक्के तेल कमी खावे हा सल्ला आम्ही मानू. मात्र सल्ला देणाऱ्यांनी आधी आपले धोरण दुरुस्त करावे. वऱ्हाडची काळी जमीन एकदा लँकेशायरच्या गिरण्यांसाठी राबली. ती आता शिकागोच्या सट्ट्यासाठी आणि सुमात्राच्या मळ्यांच्या सोयीसाठी राबू नये. तिच्यात काय पिकावे आणि तिच्यावर राबणाऱ्यांच्या ताटात काय पडावे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या माणसांचा आहे, आणि तो मागितल्याखेरीज मिळणारा नाही.